शनिवार तेल्यांचा मलिदा

काही सणांची नावं सांगतो. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनाशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण. ही यादी वाचून कुणालाही वाटेल की अलिबाग-पेणकडच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाचं वर्ष डोळ्यांसमोरून चाललं आहे. नवं भात, खीर, वालाचं बिरडं, सगळं आपलंच! पण मंडळी, हे सगळे ज्यू धर्माचे सण आहेत. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने त्यांना पिढ्यानपिढ्या याच नावांनी ओळखलं.

आता आमच्या पिढीतल्या बहुतेकांची मुलं-नातवंडं परदेशी आहेत. दिवाळी जवळ आली की सगळीकडे तोच विषय निघतो. तिकडे फराळ मिळतो का, चकलीची भाजणी पाठवली ती पोचली का, सुट्टी नसली तर लक्ष्मीपूजन शनिवारी ढकललं तर चालेल का? आणि या सगळ्याखाली एक प्रश्न असतो, तो कुणी फारसा मोठ्याने विचारत नाही. यांच्या मुलांपर्यंत यातलं काय पोचणार? या प्रश्नाला उत्तर द्यायची माझी पात्रता नाही. पण शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असा प्रश्न आला की आधी कुणावर अशी वेळ आली होती का, हे बघायची खोड लागली आहे. बेने इस्रायलांवर ती एकदा नाही, दोनदा आली. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितो.

त्यांच्या परंपरेतली कथा अशी. फार पूर्वी एक गलबत कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि अलिबागजवळच्या नवगावला किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांना तिथेच पुरलं. पुस्तकं, सामानसुमान सगळं समुद्रात गेलं. हे नेमकं कधी घडलं यावर विद्वानांचं एकमत नाही, आणि कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश आढळला. म्हणजे कुणीतरी आलं, राहिलं आणि इथल्या मातीत मिसळलं, एवढं नक्की.

हे लोक कोकणातल्या गावागावांत पसरले. गावाच्या नावावरून आडनावं पडली: पेणकर, दिवेकर, केहीमकर, रोहेकर, तळकर. मराठी बोलू लागले, बायका लुगडी नेसू लागल्या. तेलाचे घाणे चालवायचा धंदा पत्करला. हिब्रू भाषा गेली, धर्मग्रंथ नव्हतेच. प्रार्थनांपैकी 'शेमा' ही एकच प्रार्थना तोंडी उरली, आणि जन्म असो, लग्न असो वा मृत्यू, सगळीकडे तीच म्हटली जाई. पण शनिवारी ते घाणा बंद ठेवत. शेजारीपाजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले ते त्यामुळेच. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनिवार तेली, इतका साधा हिशेब! आपल्या गावगाड्यात कुणाचं काय वेगळं आहे याची चौकशी फारशी होत नसे, नाव पडलं की काम भागत असे.

त्यांना ओळखलं कसं याची जी गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. डेव्हिड राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले. (परंपरा त्यांना फार जुन्या काळात नेते. इतिहासकारांपैकी काही जण त्यांना अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात.) हे शनिवार पाळणारे लोक आपल्यापैकी असावेत असा त्यांना संशय आला. पण ना पोथी ना भाषा, मग परीक्षा घ्यायची कशी? त्यांनी बायकांना मासे आणून दिले आणि रांधायला सांगितलं. त्यात मुद्दाम सगळ्या तऱ्हेचे मासे मिसळले होते. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले, हे आम्ही खात नाही म्हणून. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. राहाबींची खात्री पटली, आणि मग त्यांनी काही जणांना धर्माचं शिक्षण दिलं.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली असेल असं माझं म्हणणं नाही. पण एखादा समाज आपली ओळख पटल्याची गोष्ट सांगताना पोथी-पंडित न आणता मासे निवडणाऱ्या बायका आणतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या यांची रेलचेल असलेल्या किनाऱ्यावर ज्यांनी ती कधी घरात शिजवली नाहीत, त्यांना कारण विचारलं असतं तर "आमच्यात चालत नाही" एवढंच उत्तर मिळालं असतं. शास्त्राची आठवण बुजली होती, पण चुलीपाशी ती शिल्लक होती.

आता पुन्हा सुरुवातीच्या नावांकडे येऊ. हाईम सामुएल केहीमकर यांनी या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १८९७ साली लिहून झाला, पण छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवमध्ये! त्यात या सणांची हकिगत आहे. ज्यूंचं नवं वर्ष तिश्री महिन्यात सुरू होतं, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या घटस्थापनेच्या आगेमागे. कोकणात हळवं भात हाताशी येतं ते याच सुमाराला. मग वर्षारंभाचं नाव पडलं नव्याचा सण. पाठोपाठ खिरीचा सण. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायची आणि मग खीर खायची. त्यानंतर ज्यूंचा सर्वांत मोठा उपास, योम किप्पूर. त्या दिवशी घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून आत बसायचं, बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही, म्हणून तो दारफळणीचा सण. दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी, तो शिळा सण. पुरीम हा सण होळीच्या आसपास येतो, म्हणून त्याला सरळ होळीचा सण म्हणून टाकलं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाआधी मांस वर्ज्य करून बिरड्यावर राहायचं, म्हणून तो बिरड्याचा सण. वालाचं बिरडं हे आपल्या कायस्थ मंडळींनाच ठाऊक असा कुणाचा समज असेल तर तो आता दूर व्हावा!

पण या सगळ्यांत मला थक्क करून सोडलं ते अनाशी ढाकाच्या सणाने. हा म्हणजे ज्यूंचा वल्हांडण, पेसाह. इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटताना कणीक आंबायलाही वेळ मिळाला नाही, या आठवणीसाठी आठवडाभर आंबवलेला पाव खायचा नाही, घरातसुद्धा ठेवायचा नाही, हा त्याचा मुख्य नियम. आता विचार करा. कोकणातल्या तांदळाच्या भाकरीला यीस्ट कुठलं आणि खमीर कुठलं? ज्यांच्या घरात पावच नाही त्यांनी पाव सोडायचा कसा? तर त्यांच्या घरी कालवणाला लागणाऱ्या आंबट पाण्याचं एक मातीचं भांडं असे, ते अनास. सणाच्या दिवसांत ते झाकून ठेवायचं, त्यातलं काही वापरायचं नाही. अनाशी ढाकाचा सण म्हणजे ते भांडं झाकायचा सण. घरात जे आंबवलेलं होतं ते त्यांनी बंद केलं! पावाची कथा काळाच्या ओघात पुसट झाली असेल, पण 'आंबलेलं बाजूला ठेवायचं' हा गाभा त्या भांड्याच्या झाकणाखाली टिकून राहिला. निदान मी तरी या नावाचा अर्थ असा लावतो.

पुढे ग्रंथही परत आले. १७९६ साली सामुएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलं. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण लोकांनी त्यातून हिब्रू शिकून घेतलं आणि आपला धर्म आणखी घट्ट धरला. १८७४ साली पुण्यात हग्गादा छापली गेली. हग्गादा म्हणजे वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या वेळी वाचायची पोथी. तिच्यात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे आणि चित्रंही आहेत. सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका त्यातल्या एका चित्रात साड्या नेसलेल्या आहेत. त्या रात्रीच्या शेवटी, पुढच्या वर्षी आपण जेरुसलेममध्ये असू, अशी इच्छा बोलून दाखवण्याची पद्धत आहे. पेणच्या, रोह्याच्या घरांत ही इच्छा पिढ्यांमागून पिढ्या बोलली गेली.

आणि १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली. त्यानंतरच्या काही दशकांत कोकणातली, मुंबईतली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आज भारतात या समाजाचे काही हजार लोक उरले आहेत, तर इस्रायलमध्ये सगळे भारतीय वंशाचे ज्यू मिळून ऐंशी हजारांच्या आसपास आहेत. इथे त्यांना कुणी छळलं म्हणून ते गेले नाहीत, हे तेही आवर्जून सांगतात. ते घरी परत चालले होते.

घरी पोचल्यावर काय झालं? नव्या देशात १९४९ पासून टंचाई आणि रेशनिंग. या लोकांपैकी बऱ्याच जणांना बेरशेबासारख्या वाळवंटालगतच्या गावांत वसवलं गेलं. वर रंगावरून भेदभाव. काही जणांनी आम्हाला परत पाठवा म्हणून धरणं धरलं. त्यांच्या तक्रारींत पावाचीही एक तक्रार होती. गोऱ्यांना पांढरा पाव आणि आम्हाला 'तुम्ही काळे' म्हणून काळा पाव! १९५२ साली शंभरावर लोक खरोखरच भारतात परत आले. त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा तिकडे गेले ही गोष्ट वेगळी. त्याहून खोल जखम नंतर झाली. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने असा आदेश काढला की बेने इस्रायलांपैकी कुणाचं लग्न इतर ज्यूंशी व्हायचं असेल तर त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. म्हणजे तुम्ही नक्की ज्यू आहात का, याचा पुरावा आणा! ज्यांनी कुणी बघत नसतानाही शनिवार पाळला, अनास झाकलं, त्यांच्याकडे कागद मागितले गेले. समाज पेटून उठला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं झालं, संसदेचं खास अधिवेशन भरलं, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी हे लोक सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत असं सांगितलं आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या मुद्द्याकडे येतो. इस्रायलमध्ये गेल्यावर या लोकांच्या पानात काय राहिलं? वल्हांडणाची भाकरी राहिलीच, पण ती तिथे सगळ्यांच्याच घरी असते. शनिवार तर सगळा देशच पाळतो. मग "आमचं" म्हणून उरलं काय? मलिदा!

मलिदा हा शब्द मूळ फारसी, कुस्करलेलं या अर्थाचा. आपल्याकडे उरुसाला दर्ग्यात चपाती-गुळाचा मलिदा असतो, आणि राजकारणातल्या मलिद्याविषयी तर बोलायलाच नको. बेने इस्रायलांचा मलिदा पोह्यांचा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुका मेवा. हे ताटात रचायचं, वर पाच फळं मांडायची, त्यांत खजूर हटकून हवा, शेजारी गुलाबाची फुलं. मग एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, यांच्या नावाने प्रार्थना आणि गीत म्हणायचं, एकेका फळावर आशीर्वाद म्हणायचा आणि सगळ्यांनी प्रसाद वाटून घ्यायचा. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना, आणि तू बिश्वात हा झाडांचा सण असतो त्या दिवशी मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात (घाटातलं खंडाळा नव्हे) एक खडक आहे. एलिया तिथे प्रकट झाले आणि त्यांच्या रथाच्या खुणा त्या खडकावर उमटल्या अशी श्रद्धा आहे. लोक तिथे नवस बोलत आणि मलिदा करत. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी हैफा इथली एलियाची गुहा गाठली आणि तिथे पोहे-खोबऱ्याची ताटं मांडली. दिमोना, अश्दोद, लोद, रामले अशा गावांतून भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, पोहे मिळतात, नारळ मिळतो. नव्या वर्षाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून केलेला चिकाचा हलवा असतो. दूध नारळाचं अशासाठी की ज्यू धर्मात मांसाबरोबर गाई-म्हशीचं दूध चालत नाही, मग मटणाच्या जेवणानंतरही हा हलवा खाता येतो. कोकणातला नारळ धर्मशास्त्राच्या किती कामी आला बघा!

म्हणजे झालं काय, की कोकणात असताना पोहे-खोबरं सगळ्या गावाचं होतं आणि शनिवार यांचा एकट्यांचा होता. इस्रायलमध्ये शनिवार सगळ्या देशाचा झाला आणि पोहे-खोबरं यांचं एकट्यांचं झालं. इथे ज्याने ते ज्यू म्हणून ओळखले जात ते तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि इथे ज्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नसतं त्यानेच ते तिथे ओळखले जातात. आपलं म्हणून काय उरणार हे पुष्कळदा आपण ठरवत नाही. शेजारी काय खातो त्यावरही ते ठरतं.

माझ्या वयाच्या मंडळींना म्हणूनच सांगावंसं वाटतं की तिकडच्या मुलांचा अनारसा जाळीदार झाला नाही, शंकरपाळे विकतचे आणले, चिवडा कॉर्नफ्लेक्सचा केला, यावर फार कष्टी होऊ नका. भांडं बदलेल, धान्य बदलेल. नव्वद वर्षांपूर्वी, १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन करणाऱ्यांनाही आजच्यासारखी भाजणी दुकानात मिळत नव्हती. पण एक गोष्ट बेने इस्रायलांनी केली ती आपण करतो का हे तपासून बघा. त्यांनी प्रत्येक दिवसाला घरच्या भाषेत नाव दिलं आणि त्या दिवशी काय करायचं, काय करायचं नाही, हे पोरासोरांना कळेल इतकं सोपं ठेवलं. दार लावायचं. भांडं झाकायचं. खीर आधी ठेवून प्रार्थना म्हणायची, मग खायची. आपण मात्र पोरांना लाडवाचा डबा पाठवतो आणि वसुबारस म्हणजे काय, नरकचतुर्दशीला पहाटे का उठायचं, हे सांगायचं राहून जातं. डबा आठ दिवसांत संपतो.

शिवाय अजून एक आहे. आज जी नातवंडं तिकडे "आमच्या घरी दिवाळीला हे करतात" म्हणून सांगतात, त्यांतलं थोडं पुण्याचं असेल, थोडं तिकडचं असेल. उद्या त्यांच्यापैकी कुणी इकडे येऊन राहिलं, तर दिवाळीच्या फराळाचं त्यांना इथे काहीच अप्रूप वाटणार नाही, तो घरोघरी असेल. पण तिकडे असताना नोव्हेंबरातल्या गुरुवारी शेजाऱ्यांकडे जेवलेलं भोपळ्याचं गोड इथे मुद्दाम करून बघतील, आणि त्यांची मुलं ते आपलं म्हणून सांगतील. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या त्या चौदा जणांना कुणी सांगितलं असतं की तुमचे वंशज एक दिवस जेरुसलेमच्या देशात जाऊन पोह्यात नारळ कालवतील आणि ती बापजाद्यांची रीत म्हणून जपतील, तर त्यांचा विश्वास बसला नसता.